मेंदूतला समुद्रघोडा

दूध उतू जायच्या बेतात होतं, भिजवलेले कपडे बादलीत वाट बघत होते आणि बाई एका हाताने गॅस बारीक करत दुसऱ्या हाताने अंबाडा सावरत होत्या, तेवढ्यात दारावर थाप पडली. हळू, पाहुण्याची थाप. घरातलं माणूस अशी थाप कधी देत नाही. ते दार ढकलतं, नाहीतर बाहेरूनच ओरडतं.

बाईंनी दार उघडलं तर बाहेर त्यांचा नवरा उभा. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशातून डोकावणारी जाळं विणायची चपटी लाकडी सुई. आत्ताच तर चहा पिऊन कामावर गेला होता हा माणूस.

"बाई आहेत का घरात?" त्यांनी विचारलं.

आता गोष्ट अशी, की त्यांना सगळी गल्ली बाईच म्हणे. आसपासच्या निम्म्या लोकांनी त्यांच्याकडे शिकवणीला बसून इंग्रजी गिरवलेलं. नवराही चारचौघांत चिडवायला बाईच म्हणायचा. तेव्हा ही स्वारी आज सकाळी सकाळी रंगात आलेली दिसते, असं समजून बाईंनी पदर खोचला आणि ठेवणीतला आवाज काढला. "आहेत, पण कामात आहेत. आपलं काय काम होतं?"

"जरा पाणी मिळालं तर बरं होईल," ते अदबीने म्हणाले. "माझं घर इथंच कुठंतरी आहे. सापडेना झालंय."

बाई हसल्या. मग ते हसू आत घ्यायचं राहूनच गेलं. नवऱ्याने चपला दाराबाहेर नीट जोडून काढल्या होत्या आणि परक्याच्या उंबऱ्यावर माणूस अंग चोरून उभा राहतो तसा तो उभा होता. मागे दूध उतू गेलं, जळल्याचा वास घरभर झाला, तरी बाईंचा पाय हलेना.

शेवटी त्यांनी पाणी आणून दिलं. उभ्याउभ्याच ते प्यायले. पिताना त्यांची नजर खुंटीवरच्या स्वतःच्या छत्रीवर गेली, तिथेच रेंगाळली, आणि एकदम गडी घरात आला. "अगं, दूध उतू गेलं की सगळं. लक्ष कुठंय तुझं?" असं म्हणून स्वतःच फडकं घेऊन ओटा पुसायला लागले. सुई विसरलो म्हणून परत आलो, असंही वर सांगितलं. सुई खिशात होती. बाईंनी ती दाखवली नाही.

धक्क्यावर त्यांना गाठोबा म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण ठेवणाऱ्याची नजर चांगली होती. देवाने काही माणसांना गाठ मारण्यासाठीच दहा बोटं दिलेली असतात, त्यातले हे एक. घर मासेमारी करणाऱ्यांचं. पण हा मुलगा पहिल्यांदा बोटीवर चढला तो आतडी पिळवटेपर्यंत ओकला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बोट सुटायच्या आधीच. "मासा पाण्याला भ्यायला," असं म्हणून भावांनी त्याची पुरती खिल्ली उडवली आणि बापाने कंटाळून त्याला जाळ्यांच्या शेडमध्ये म्हाताऱ्या कारागिरांच्या हवाली केलं. तिथे मात्र पोराने बूड टेकलं ते कायमचं. समुद्र त्यांनी पाहिला तो किनाऱ्यावरून. त्यांच्यापर्यंत समुद्र यायचा तो जाळ्याला अडकून: शेवाळ, शिंपले, एखादी चप्पल, आणि कुणाला नको असलेले बारीकसारीक जीव.

लांबच लांब पत्र्याची शेड, वर आडव्या दांड्या, दांड्यांवरून पडद्यासारखी सोडलेली जाळी. गाठोबा लाकडी खोक्यावर बसून जाळं मांडीवर ओढत, फाटकी कड सुरीने साफ कापून घेत आणि मग सुई अशी चालायची की बघणाऱ्याला दोरा दिसायचाच नाही, नुसते चौकोन तयार होताना दिसायचे. कुठलं जाळं कुठल्या बोटीचं, ते कुठे आणि कशाने फाटलं होतं, ते शिवलं तेव्हा पाऊस होता की ऊन, सगळं त्यांच्या डोक्यात असे. तरुण खलाशी पैजा लावून विचारत आणि हरत.

अशा माणसाशी कॉलेजात शिकलेल्या, पोस्टमास्तरांच्या मुलीने लग्न करावं, हे तिच्या घरच्यांना काही केल्या पटलं नव्हतं. पोरीचं मत मात्र पक्कं होतं. तिला बोलणारे पुष्कळ भेटले होते. हा ऐकणारा होता. संध्याकाळी ती पेपर मोठ्याने वाचायची आणि तो ऐकायचा. मग आठवड्याने एखादी बातमी शब्द न् शब्द परत सांगायचा. "मी वाचून विसरते आणि हे ऐकून लक्षात ठेवतात," असं बाई कौतुकाने सांगत. कौतुकाचे असे शब्द पुढे माणसाला कसे डसतात, ते कुणी आधी सांगत नाही.

त्या दिवशी ते पुन्हा कामावर गेल्यावर दुपार होईपर्यंत बाईंनी कळ काढली आणि मग उन्हात तशाच धक्क्यावर गेल्या. बोटमालक शेडच्या दारातच भेटला. हा त्यांचा जुना विद्यार्थी. त्यांना बघून त्याने हातातली विडी विझवली. मी आज येणारच होतो तुमच्याकडे, म्हणाला, आणि मग जे सांगितलं ते खाली मान घालून सांगितलं.

गेले काही दिवस गाठोबा एकच जाळं शिवत होते. फाटलेला भाग शिवायचे, सुरेख शिवायचे. मग चहाला उठायचे. परत येऊन बसले की त्या शिवलेल्या भागावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, हे काम कुणाचं? हात बरा आहे, पण विचारल्याशिवाय माझ्या जाळ्याला हात लावलाच कसा? मग सुरी घेऊन ते सगळं कापायचे आणि पुन्हा शिवायला बसायचे. पहिल्या दिवशी सगळे हसले. म्हाताऱ्याची सवय, म्हणाले. पण त्या जाळ्यापायी बोटीची भरती हुकली, आणि परवा कापलेलं तसंच राहिलेलं जाळं कुणी न बघता बोटीवर चढवलं. समुद्रात टाकल्यावर ते उभं फाटत गेलं. माणसाला इजा झाली नाही ही देवाची कृपा.

"काल तर माझ्याकडे तक्रार घेऊन आले, बाई," बोटमालक म्हणाला. "म्हणाले, कुणीतरी माझ्या हाताची नक्कल करतोय. अगदी माझ्यासारखी गाठ मारतो, त्याला शोध."

आत शेडमध्ये गाठोबा पाठमोरे बसले होते. सुई चालली होती. बाईंना त्या पाठीकडे बघवेना.

मालकाने वाईटपणा घेतला नाही, पण सोडूनही दिलं नाही. डॉक्टरांना दाखवा, म्हणाला. त्यांनी बरे आहेत म्हणून सांगितलं तर खोकं त्यांचंच आहे, दुसरं कुणी त्यावर बसणार नाही. तोवर मात्र घरी राहू द्या. सुरीचं काम आहे, आणि बोटीवर माणसं असतात. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. चूक काढता आली असती तर बाईंना जरा बरं वाटलं असतं.

गाठोबांना बाईंनी हे सांगितलं. खोक्यावर बसल्याशिवाय मला झोप कशी येणार, एवढंच म्हणाले. आयुष्यभर जो माणूस काम करता करता जगला, त्याला घरात रिकामं बसवणं म्हणजे मासा ओट्यावर ठेवण्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाह्या दुमडून तयार. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी बाईंना नव्याने सांगावं लागे, आणि दर वेळी त्यांना ते नव्याने लागे.

हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. मेंदूचे फोटो निघाले. डॉक्टर तरुण होत्या, बोलणं गोड, पण एकदा पडद्याकडे वळून शेजारच्या शिकाऊ डॉक्टरशी बोलायला लागल्या की गोडवा तिकडेच राहायचा. त्या बोलण्यात एक शब्द दोनतीनदा आला. हिपोकॅम्पल. हिपोकॅम्पल भाग आक्रसलाय, असं काहीसं. बाईंनी स्पेलिंग विचारलं. डॉक्टर चमकल्या, नातेवाईक औषध विचारतात, खर्च विचारतात, किती दिवस ते विचारतात, स्पेलिंग कुणी विचारत नाही. पण बाईंचा स्वभावच तसा. घराला आग लागली तर आधी आगीचं स्पेलिंग बघतील, असं त्यांची लेक म्हणायची. शब्द कळला की संकट अर्धं कळलं, आणि कळलेल्या संकटाला काहीतरी उपाय असतोच, अशी त्यांची जन्माची समजूत.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं: मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, एक छोटासा वळलेला भाग असतो. आज घडलेलं उद्यासाठी ठेवून द्यायचं काम त्याचं. रस्ता लक्षात ठेवायचं कामही त्याचंच. तो भाग झिजत चाललाय. हाताचं कसब वेगळीकडे असतं, ते अजून शाबूत आहे. म्हणून गाठ येते, पण गाठ मारल्याचं आठवत नाही. बरं होईल का, या प्रश्नावर त्यांनी औषध लिहून दिलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेऊ, असं सांगितलं. मालकाला काय ते त्या चाचणीनंतर सांगू.

चाचणी. बाईंनी तेवढाच शब्द धरला. बुडत्याला काडी लागते, बाईंना परीक्षा लागली.

घरी येऊन त्यांनी कपाटावरचा जाडजूड शब्दकोश काढला. कॉलेजात बक्षीस मिळालेला. पाठ निखळली म्हणून कापडाची पट्टी चिकटवलेली. हिपोकॅम्पल हे विशेषण. ते ज्या नामावरून आलं ते हिपोकॅम्पस. आणि हिपोकॅम्पस म्हणजे, बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, समुद्रघोडा. ग्रीकांच्या भाषेत हिप्पोस म्हणजे घोडा आणि काम्पोस म्हणजे समुद्रातला राक्षस. पुढचा अर्धा घोडा आणि मागचा अर्धा मासा, असा कुठलासा प्राणी त्या लोकांनी गोष्टींत रंगवला होता; तेच नाव पुढे खऱ्याखुऱ्या इवल्याशा माशाला चिकटलं. पण माशाचं नाव माणसाच्या मेंदूत कसं शिरलं ते कोशात नव्हतं. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, ती सुट्टीच्या दिवशी आली तेव्हा बाईंनी तिला फोनवर शोधायला लावलं.

चारशे वर्षांहून जास्त झाली. इटलीत एका शरीरशास्त्रज्ञाने मेलेल्या माणसाचा मेंदू उघडला. आत त्याला एक उंचवटा दिसला, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला शेपटीसारखा वळलेला. याला म्हणावं काय? त्याला आधी समुद्रघोडा आठवला. मग वाटलं, रेशमाच्या पांढऱ्या किड्यासारखाही दिसतो. त्याने दोन्ही लिहून ठेवलं आणि पुढच्या लोकांनी त्यातला मासा उचलला. तो भाग काम काय करतो, याचा त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. ते कळायला पुढे कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. त्याने आपलं रूप बघून नाव ठेवलं. नावं ठेवायला काय लागतं?

लेक वाचत होती आणि बाईंच्या मनात भलतंच आलं. तो जो मेंदू त्या माणसाने उघडला, तो कुणाच्या तरी नवऱ्याचा असेल. त्या इवल्या वळणात त्या घराचा रस्ता असेल, बायकोचा आवाज असेल, आणि हा वाकून बघतोय काय, तर शेपटी.

"कळलं आता?" लेक म्हणाली. "माशाचा घोडा झाला, घोड्याचं विशेषण झालं. बाबांना काय फरक पडला?"

फरक काही पडला नव्हता. गाठोबा खिडकीशी बसून पडद्याच्या दोरीला गाठी मारत होते. सोडत होते, पुन्हा मारत होते. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना एखादा शब्द मुळापासून कळला आणि तो कळून हातात काहीही आलं नाही. त्या क्षणाला त्यांचा धीर खरा सुटला. पण धीर सुटलेलं माणूस गप्प बसत नाही. ते आपल्याला जे येतं तेच जास्त जोराने करायला लागतं. बाईंना शिकवता येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात शिकवणी सुरू झाली. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न: आज वार कोणता? मग महिना. काल संध्याकाळी काय जेवलो? काल घरी कोण आलं होतं? आपली मुलगी कुठे काम करते? ढ पोराला तीसपर्यंत पाढे येतात ते रोज घोकून घेतले म्हणूनच ना, मग मेंदूचं हे एक मठ्ठ पोर घोकल्याने का सुधारणार नाही, असा बाईंचा हिशेब. त्या रागवत नसत. अगदी ममतेने विचारत. उत्तर चुकलं की म्हणत, "असू दे, परत सांगते, नीट ऐका हं," आणि दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न.

गाठोबांनी आधी ते थट्टेवारी नेलं. वार कोणता विचारलं की म्हणायचे, "कालच्या नंतरचा." जेवलो काय विचारलं की, "तू वाढलंस ते." जुना हजरजबाबीपणा कामाला येत होता तोवर त्यांनी त्याच्यामागे आडोसा घेतला. मग उत्तरं संपली. मग ते प्रश्न यायच्या आधीच उठून मोरीत जायला लागले. तिथे नळ सोडून उभे राहायचे. बाई दाराबाहेरून विचारायच्या, महिना कोणता? आतून फक्त पाण्याचा आवाज.

असं करता करता एक गोष्ट झाली, ती बाईंना दिसत होती पण त्यांनी बघायचं टाळलं. पूर्वी त्या खोलीत आल्या की नवऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड यायचा. आता त्या आल्या की ते खांदे आकसून घेत.

लेकीने ते बघितलं आणि तिचा तोल गेला. बाबांना नापास करून तुला काय मिळणार आहे, असं तिने आईला तोंडावर विचारलं. बाईही उसळल्या. तुझ्या दुकानात बरं व्हायचं औषध असेल तर आण ना, म्हणाल्या. नाहीये ना? मग मला माझं करू दे. त्यांना त्यांच्या खोक्यावर परत बसवायचंय मला. मग दोघी मायलेकी एकमेकींकडे न बघता भांडी घासायला लागल्या.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी उजळणी घेतली. गाठोबा दमले होते. वार चुकला, महिना चुकला, लेकीचं दुकान बरोबर आलं. त्या आनंदात बाईंनी तो प्रश्न विचारला, जो इतके दिवस भीतीने विचारला नव्हता.

"माझं नाव काय?"

"बाई," ते लगेच म्हणाले.

"ते सगळेच म्हणतात हो. माझं नाव. लग्नात तुम्ही घेतलेलं."

गाठोबांनी त्यांच्याकडे बघितलं. अभ्यास न करता आलेलं पोर फळ्यासमोर उभं राहून बघतं, तसं. ओठ हलले, काही तरी जुळवून पाहिलं, आणि मग त्यांनी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, असू दे. परत सांगते, असं मात्र त्या दिवशी त्यांच्याने म्हणवलं नाही.

चाचणी फार वेळ चालली नाही. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले, किल्ली, लिंबू, दिवा. लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारीन, म्हणाल्या. मग घड्याळाचं चित्र काढायला लावलं. गाठोबांनी वर्तुळ असं काढलं की कंपासाने लाजावं. आकडे मात्र सगळे एका बाजूला गर्दी करून बसले. मग डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारले. बाई बाजूच्या खुर्चीवर ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, आयुष्यात कधी कॉपी करू न दिलेल्या बाई, आणि नवऱ्याची नजर आपल्याकडे वळावी, म्हणजे ओठ हलवून निदान किल्ली तरी सांगता येईल, म्हणून मनातल्या मनात आकांत करत होत्या. त्यांनी बघितलं नाही. ते डॉक्टरांकडे बघून सौजन्याने म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहेत ना ते शब्द? मग मला कशाला विचारता?"

डॉक्टर हसल्या नाहीत. सुरीचं काम आता नको, म्हणाल्या. एकटं बाहेर सोडू नका. झीज वाढली आहे, आणि ती वाढत जाणार. बाईंनी विचारलं, मी रोज तयारी करून घेत होते, कमी पडली का? यावर त्यांनी नुसताच बाईंच्या हातावर हात ठेवला.

परतताना बाईंनी रस्त्यातून बोटमालकाला फोन केला. खोकं दुसऱ्या कुणाला दे, एवढंच सांगितलं. पलीकडून तो, बाई, बाई, म्हणत राहिला. गाठोबा शेजारी चालत होते. धक्क्याकडे वळायचा रस्ता आला तेव्हा त्यांचे पाय आपोआप तिकडे वळले आणि बाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना सरळ रस्त्याला लावलं. ओढूनच न्यावं लागलं. त्यांनी विचारलं, आज शेड बंद आहे का? बाई हो म्हणाल्या. नवऱ्याशी आजवर त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या, चहा टाकला, आणि काय विचारायचं ते सुचेना. परीक्षा होऊन गेली होती. निकाल लागला होता. घोकून घ्यायला आता काही उरलं नव्हतं. गाठोबा बाह्या दुमडून टेबलाशी येऊन बसले. घरात इतकी शांतता होती की ती भरून काढायला बाईंनी, जे मनात घोळत होतं तेच बोलून टाकलं. ऐकलंत का, तुमच्या डोक्यात जो भाग दुखावलाय ना, त्याचं नाव माशावरून पडलंय. समुद्रघोडा. कुणा परदेशी माणसाला तो तसा दिसला म्हणे.

"घोडामासा?" गाठोबांनी कप खाली ठेवला. "तो तर आमच्याकडे यायचा."

आणि बोलायलाच लागले. किती दिवसांनी त्यांचं एक वाक्य दुसऱ्याचा हात धरून बाहेर आलं. जाळ्याबरोबर यायचा, म्हणाले, बोटाएवढा. पोहायला अगदी कच्चा, माझ्यासारखा. म्हणून गवताला शेपटी गुंडाळून बसतो. लाटा उठल्या की धरून राहतो, धरून राहतो, आणि धरून धरून दमूनच मरतो. जाळ्यात आला की जाळ्याचा दोरा धरून बसायचा. नवी पोरं त्याला उपटायची, शेपटी तुटायची. उपटायचं नसतं. शेजारी बोट धरायचं आणि थांबायचं. त्याला वाटलं तर तो दोरा सोडतो आणि बोट धरतो. मग बोट तसंच पाण्यात बुडवायचं. आणि मजा ठाऊक आहे का, पोटात पिल्लं नर वागवतो. एकदा एकाने बादलीतच पिल्लं सोडली, नुसती धूळ उडाल्यासारखी, तेव्हा आम्ही सगळे काम टाकून बघत बसलो होतो. तुला सांगितलं होतं मी. लेक व्हायची होती तेव्हा. तू म्हणालीस, मग तुम्हीच वागवा की हिला.

 हे बाई स्वतः विसरल्या होत्या. समोर त्यांचा माणूस बसला होता, सगळाच्या सगळा, डोळ्यांत जुनी चमक घेऊन, त्यांचं बोलणं त्यांना परत करत. आत कुठेतरी दार उघडलंय असं त्यांना वाटलं, आत्ता उघडलंय, पुन्हा लागायच्या आत हात घालायला हवा. टेबलावरून पुढे वाकून, त्यांचं मनगट धरून त्यांनी घाईघाईने विचारलं, "बरोबर, अगदी बरोबर! आणि मग मी कोण? माझं नाव काय, सांगा बरं?"

गाठोबांचं बोलणं तिथेच थांबलं. खांदे आकसले. चमक गेली ती दिवा मालवल्यासारखी नाही, तर पाणी ओसरतं तशी, हळूहळू, बाईंच्या डोळ्यांदेखत. त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही. ते बाईंच्या हाताकडे बघत राहिले.

बाईंना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलंही नाही. चुकलं माझं, म्हणाल्या, असू दे, नका आठवू.

"तू विचारतेस ना," गाठोबा सावकाश म्हणाले, एकेक शब्द गाठीसारखा ओढून बघत, "तेव्हा मला कळतं की मला येत नाही. एरवी नाही कळत. एरवी मी बरा असतो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. घंटी लांब गेली तेव्हा गाठोबा पुन्हा बोलले.

"मला विचारू नकोस. सकाळी उठलो की तूच सांगत जा, तू कोण ते."